मूल बापाच्या घरी

२८ ऑक्टोबर २०२४, कोल्हापूर

जेवताना ही म्हणाली, "दिवाळी झाली की समुद्र बघून येऊया."

"कोण कोण?"

"सगळीच. तुमी, मी, प्रेरणा, अवनी."

लग्नाला चाळीस वर्षं होत आली. रुद्राणीनं या घरात कुठं जाऊया असं कधी म्हटलेलं नाही. नेलं तर आली. मी म्हटलं, रत्नागिरीला जाऊ. ती म्हणाली, मालपे. उडुपीजवळ आहे, तिथून लाँच बेटांवर जातात. तिला मालपे ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

गाडीची सोयही तिनंच केली आहे. तिच्या माहेरी, संकेश्वरला, महांतेश म्हणून कुणी आहे. सोलर पंपांची एजन्सी चालवतो. त्याला मंगळूरला काम आहे, तो आपल्याला घेऊन जाईल.

"परका माणूस कशाला बरोबर?"

"परका कसा? माझ्या म्हायेरचा हाय."



३० ऑक्टोबर

प्रेरणा खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मामा, तुम्ही येणार ना? तुम्ही येणार असाल तरच जाऊ."

येतो म्हटलं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

सुनेनं सासऱ्याची एवढी फिकीर करावी असं आता कुठं राहिलं आहे? माझा मुलगा सम्राट गेला त्या वर्षी तिचे आईवडील तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. पतसंस्थेतली नोकरी धरली, लेकीला, अवनीला, इथल्याच शाळेत घातलं. तिचं मन या घरात आहे. मला तिचा अभिमान आहे.

सम्राट पुण्यात कोरोनानं गेला. एकवीस सालचा मे. रस्त्यांवर अडवत होते. आम्ही पोचलो तेव्हा दहन झालेलं होतं. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. माझ्या वडिलांच्या शेजारी रुद्रभूमीत जागा आहे, ती तशीच आहे. सोमवारी लोक आपापल्या माणसाजवळ जाऊन बसतात. मला जाऊन बसायला ठिकाण नाही. अवनीचं कपाळ त्याचं आहे. अभ्यास करताना ती खाली बघते तेव्हा मी ते बघतो.

५ नोव्हेंबर, उडुपी

उजाडताना निघालो, अंधार पडल्यावर पोचलो.

महांतेश चाळिशीला आलेला असेल. अंगानं आडवा, आवाज हळू. मला अण्णा म्हणतो, हिला अक्का. गाडी सांभाळून चालवतो. अवनी पुढं बसली. धारवाड यायच्या आत ती त्याला "काका, ते दुसरं गाणं लाव, हे रडकं हाय" म्हणू लागली. त्याच्या डाव्या हाताच्या कप्प्यात आल्याच्या वड्या असतात हेही तिला सापडलं. मुलं लवकर रुळतात.

ही आणि तो वाटभर कानडीत बोलत होते. माझं कानडी दुकानातलं. रंग, वार, दर. महाद्वार रोडला कापडाचं दुकान होतं तोवर तेवढ्यावर भागलं. त्यापलीकडचं कळत नाही. एकदा ही हसली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. माहेरची भाषा माणसाला मोकळं करते.

घाटात अवनीला उलटी आली. त्यानं गाडी कडेला घेतली, तिचं कपाळ धरलं. प्रेरणानं पाणी ओतलं. मी उतरेपर्यंत तोंड धुऊनही झालं होतं.

६ नोव्हेंबर, उडुपी

लॉजमध्ये एका खोलीत त्या तिघी, दुसरीत मी आणि महांतेश.

सकाळी त्यानं अंघोळ करून लिंगपूजा केली. घाई नाही, देखावा नाही. डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसला की बाहेरची रिक्षा ऐकू येत नाही अशी बैठक. नंतर मला विभूती दिली. नव्या पोरांत हे राहिलेलं नाही. सम्राटच्या मागं मला नेहमी लागावं लागायचं.

विचारलं, घरी कोण असतं?

"आई. बायको गेली, अण्णा. बाळंतपणात."

"मूल?"

"मूलबी."

 त्यानंच विषय बदलला, इडली चांगली मिळते म्हणाला.

दिवसभर देवळं झाली. फिरताना माझ्या डोक्यात एक येऊन बसलं. कुरुंदवाडची माझी भाची, स्नेहल. सोडचिठ्ठी झाली, मूलबाळ नाही, भावाच्या घरात मान खाली घालून राहते. हा माणूस असा. घराणं ठाऊक, मठ आमचाच. वांगं सोडून सगळं खातो. हे अवनीनं सांगितलं.

संध्याकाळी हिला बाजूला घेऊन म्हटलं. हिनं माझ्याकडं इतका वेळ बघितलं की मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"आधी बेट बघू," ती म्हणाली.

७ नोव्हेंबर, उडुपी

आज बेटावर गेलो. नीट लिहितो.

मालपे बंदरात मासळीचा वास. हिनं नाकाला पदर लावला तो लाँच सुटेपर्यंत काढला नाही. मासे निवडणाऱ्या बायका तिच्याकडं बघून हसत होत्या. एकीनं कानडीत काहीतरी टोमणा मारला. हिनं पदराआडूनच उलट दिला. सगळ्या जणी आणखी हसल्या.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाई, समुद्राला नाक दाबून चाललीस, माघारी येताना काय दाबशील?"

"तू काय म्हणालीस?"

"नवऱ्याचं तोंड, म्हटलं."

लाँच सुटली. मी पासष्ट वर्षं पंचगंगा बघितली. तिला पलीकडचा काठ आहे. इथं मी पलीकडं बघत राहिलो आणि डोळे कुठं ठेवायचे ते कळेना. मग नारळाची झाडं दिसली, पाण्यातून सरळ वर आल्यासारखी. खाली काळे खडक. बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून मधेच लहान होडीत उतरवतात. दोन्ही नावा हलत होत्या. माझा पाय उचलेना. महांतेशनं काखेत हात घातला, "अण्णा, खाली बघू नका, माझ्याकडं बघा," म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं आणि पलीकडं गेलो.

खडक खांबासारखे, एकमेकांना चिकटून उभे. कुणी घडवून ठेवावेत तसे. अवनी शंख वेचत होती, महांतेशच्या रुमालात ठेवत होती. प्रेरणानं चपला हातात घेतल्या आणि पाण्यात घोट्याएवढी उभी राहिली. वाऱ्यानं तिचे केस सुटले, तिनं बांधले नाहीत. या घरात आली तेव्हा ती अशी होती. मला बरं वाटलं. सहल कामी आली, असं वाटलं.

नारळाखाली सावलीत बसलो. हिनं शेंगदाण्याची पोळी काढली. सगळे होते, म्हणून मी विषय काढला.

"महांतेश, दुसऱ्या लग्नाचं काय ठरवलंय?"

त्यानं हिच्याकडं बघितलं. "बघायचं, अण्णा."

"बघायचं किती दिवस? माणसानं एकटं राहू नये. माझी भाची आहे. सोडचिठ्ठी झालेली आहे, मी झाकून बोलत नाही. आपल्यात त्याचं काही नाही. विधवेचंसुद्धा दुसरं लग्न आपल्यात पहिल्यापासून लागतं. उडकी लागते. बाकीच्यांना ते आत्ता सुचलं."

ही म्हणाली, "आणि बाईला मूल असलं तर?"

"स्नेहलला मूल नाही."

"स्नेहलचं न्हाई इचारलं. रीत इचारली."

"रीत ठरलेली आहे. बाई जाते. मूल बापाच्या घरी राहतं. ज्याचं त्याचं."

"ज्याचं त्याचं," ती म्हणाली.

महांतेशनं पोळीचा तुकडा तोडला होता, तो हातातच राहिला. प्रेरणा अवनीच्या पायाची वाळू झाडत होती. झाडून झाली तरी झाडत होती.

"आई, झालं की," अवनी म्हणाली.

मग खडकांवर चढलेल्या पोरांसाठी रखवालदारानं शिट्टी मारली आणि आम्ही सगळ्यांनी तिकडं बघितलं.

परतीच्या लाँचमध्ये प्रेरणा एकटी कडेला जाऊन उभी राहिली. रडत होती. समुद्र बघून सम्राटची आठवण झाली असणार. मी तिला बोलावलं नाही. महांतेशला म्हटलं, एकदा कुरुंदवाडला येऊन स्नेहलला बघून तर जा.

"अण्णा, मी…" एवढं म्हणून तो उठून अवनीकडं गेला.

ही माझ्या कानाशी आली. लाँचवर गाणी मोठ्यानं लावली होती, तरी तिचं प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"गप बसा आता. कुणाचं जमवालाईसा? त्याचं जमलंय."

"कुणाशी?"

 ती समोर बघत होती, म्हणून मीही बघितलं. महांतेशनं अवनीला उचलून कठड्याजवळ धरलं होतं. प्रेरणानं मागं न बघता हात मागं केला आणि पोरीच्या अंगातला फ्रॉक खाली ओढला. त्यानं धरलेलं होतं, तिनं सारखं केलं. दोघं एकमेकांकडं बघतही नव्हती.

"श्रावणात संकेश्वरला नेलं तिला, तवाच दाखवलं," ही म्हणाली. "मीच जमवलं. तिनं न्हाईच म्हटलं हुतं. मी पाया पडून जमवलं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार हुतो. आधी त्यो तुमाला आवडू दे म्हटलं. म्हणून तर हे सगळं. आवडला की न्हाई?"

८ नोव्हेंबर

परतलो.  अवनी गाडीत झोपली. दारात महांतेशनं सामान उतरवलं, माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही. हात वर गेला नाही.

९ नोव्हेंबर

प्रेरणाला समोर बसवलं. म्हटलं, तू जा. तुझं वय आहे. मी अडवणार नाही. पण अवनी सम्राटची आहे. त्याचं दुसरं काही या पृथ्वीवर नाही. मातीसुद्धा नाही.

ती म्हणाली, "मामा, अवनीला सोडून मी कुठं जाणार नाही. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. संकेश्वरला तसं कळवते."

प्रश्न मिटला. तिनं आवाज चढवला नाही, डोळ्याला पाणी आणलं नाही. शहाणी आहे. ही स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. परातीत पीठ आपटल्याचा आवाज आला.

१६ नोव्हेंबर

घर पहिल्यासारखं चाललं आहे. शाळा सुरू झाली. दुपारी अवनीला आणायला मी जातो, वाटेत ती बोलत असते. तिला पाढे येत नाहीत आणि त्याचं तिला दुःख नाही.

ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. आज विचारलं, असं किती दिवस?

"तुमी जाणार, मी जाणार. मग त्या पोरीनं कुणाचं तोंड बघायचं? भिताडाचं?"

"अवनी आहे की."

"अवनी लग्न हून जाईल. मग?"

म्हटलं, मग म्हातारपण सगळ्यांनाच येतं. ती म्हणाली, "बघा की. बोलायला काय जातंय."

२२ नोव्हेंबर

प्रेरणाच्या स्कूटरचं काहीतरी बिघडलं आहे. संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. ती फाटकातून आत आली, गाडी बंद केली आणि तिच्यावर तशीच बसून राहिली. हेल्मेट डोक्यावर, काच खाली. मला वाटलं स्टँड लागत नाही. हाक मारणार होतो, तेवढ्यात उतरली. विचारलं तर म्हणाली, गाडी ठीक आहे.

२६ नोव्हेंबर

आजही बसली होती. अवनी वरून "आई" म्हणून ओरडली. तिनं हात हलवला, पण काच वर केली नाही.

२९ नोव्हेंबर

आज मी खाली उभा राहिलो, पारिजातकापाशी. ती आली, गाडी बंद केली. मी जवळ गेलो तरी तिला कळलं नाही. काच आतून ओली झाली होती. हेल्मेटच्या आत ती रडत होती. तोंड उघडं, आवाज नाही. लहान मूल दम लागेपर्यंत रडतं आणि मग आवाज संपतो, तसं.

मग थांबली. श्वास घेतला. काच वर करून ओढणीनं पुसली, तेव्हा मी दिसलो.

"मामा, चहा झाला का तुमचा?" म्हणाली.

रोज वर येऊन ती पहिलं हेच विचारते. मी रोज झाला म्हणतो.

रुद्राणीला म्हटलं, "संकेश्वरला फोन लाव."

तिनं कणकेचे हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"पोरगी?"

"पोरगीपण."

ती भांड्यांच्या मांडणीकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

१२ डिसेंबर

उडकी लागली. संकेश्वरला, एका लहान मठात. आईचं दुसरं लग्न मुलानं बघायचं नसतं, म्हणून अवनी इथं, आणि तिच्याजवळ मी. ही गेली. आईच्या जागी उभी राहते म्हणाली.

अवनीला सगळं सांगितलेलं आहे. तिनं दुपारी विचारलं, "आता तिथं लागलं असंल न्हवं?"

"लागलं असेल."

"काका चांगला हाय," ती म्हणाली. जरा वेळानं, "पप्पा पण चांगला होता."

"तुला आठवतो?"

"न्हाई. तू सांगतोस की."

आम्ही रंकाळ्यावर गेलो. तिनं भेळ खाल्ली, मला मिरची निवडून दिली. मी तिच्याकडं बघत होतो. ती म्हणाली, "अज्जा, असं बघू नको, मला ठसका लागतोय."

१५ डिसेंबर

आज तिला सोडून आलो. हिला चल म्हटलं होतं. तिला जमलं नाही. कपाट लावत बसली.

एसटीनं गेलो. अवनी खिडकीशी. निपाणीपर्यंत बोलत होती, नंतर बाहेर बघत बसली. संकेश्वरच्या स्टँडवर दोघं आली होती. घर चांगलं आहे, अंगण आहे, महांतेशची आई दारात तांब्या घेऊन उभी होती. अवनीच्या पायावर पाणी घातलं, तिला कानडीत काहीतरी गोड बोलली. अवनीला कळलं, मला नाही.

जेवण झालं. मी निघालो तेव्हा तिनं माझा हात धरला.

"मीबी येते."

"तू इथंच राहायचं. ठरलंय की."

"न्हाई. मी तुझ्याबरोबर ऱ्हाणार. आई येईल सुट्टीला."

महांतेश खाली बसून तिला समजावू लागला, पिल्लू आणायचंय ना आपल्याला, म्हणाला. ती ऐकेना. माझ्या सदऱ्यात तोंड घातलं. हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. मी प्रेरणाकडं बघितलं. नवीन हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू. काही क्षणांपूर्वी ती माणसासारखी दिसत होती. आता तिच्या तोंडावर ते परत आलं, काचेच्या आतलं.

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "घेऊन जा तिला. तिचं मन तिथंच आहे. मी… आम्ही बघू काहीतरी."

महांतेश मान खाली घालून उभा राहिला. त्यानंही विरोध केला नाही.

एवढंच करायचं होतं, की हो म्हणायचं. कुणी मला बोल लावला नसता. पोरगी स्वतः म्हणत होती, आई स्वतः देत होती, रीतही माझ्या बाजूची. संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो असतो. हिनं दार उघडलं असतं.

मी तिचा चेहरा सदऱ्यातून वर केला. म्हटलं, "अवनी, ऐक. अज्जीला आणि मला आता तुझं होत नाही. आम्हाला त्रास होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे झाले तिचे.

"माझा?"

"व्हय."

"खरंच?"

"खरंच. शाळेत सोडा, आणा, डबा करा. अज्जी आजारी पडेल. म्हणून तुला इथं आणलं."

प्रेरणाला कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला. बोलायला नको हेही तिला कळलं.

अवनीनं हात सोडला. एकेक बोट नाही, एकदम. माझ्या सदऱ्याला चुण्या पडल्या होत्या, त्या तिनं तळहातानं खाली सारख्या केल्या. मग आईजवळ जाऊन उभी राहिली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली,

"अज्जाला जाऊ दे आता. दमलाय तो."

मी निघालो. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती.